पार्किंगच्या जागेचा करार: ठाणे आणि नवी मुंबईतील सोसायट्यांमध्ये वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घोडबंदर रस्त्यावरच्या एखाद्या टॉवरमध्ये एका घरात दोन गाड्या असतात आणि शेजारच्या घरात एकही नसते. मग दोघांचे बोलणे होते, महिन्याला काही रक्कम ठरते आणि व्यवहार जिन्यातच पूर्ण होतो. वर्षभराने त्याच जिन्यात भांडण होते, तेव्हा दोघांकडेही दाखवण्यासारखा कागद नसतो. खालील प्रश्न अशा व्यवहारांपूर्वी, आणि बऱ्याचदा अशा भांडणांनंतर, विचारले जाणारे आहेत.

माझ्या नावावरचे पार्किंग मला भाड्याने देता येते का?

सर्वप्रथम ते पार्किंग आपल्या नावावर आहे म्हणजे नेमके काय आहे, हे पाहावे लागते. सदनिका आपल्या मालकीची असते. पार्किंगच्या जागेचा बहुतेक वेळा फक्त वापर आपल्याकडे असतो. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार, म्हणजे नमुना नियमावलीनुसार, पार्किंगचे धोरण सर्वसाधारण सभा ठरवते, वाटप व्यवस्थापक समिती करते, आणि ज्या सदस्याला जागा मिळाली आहे त्याला ती विकण्याचा किंवा हस्तांतरित करण्याचा अधिकार नसतो. गाड्या जास्त आणि जागा कमी असल्यास चिठ्ठ्या टाकून वाटप होते, आणि तेही सहसा एका वर्षापुरते असते.

आपल्याला जेवढा हक्क आहे त्यापेक्षा जास्त हक्क आपण दुसऱ्याला देऊ शकत नाही, हे तत्त्व इथे शब्दशः लागू पडते. म्हणून करार लिहायला बसण्यापूर्वी तीन कागद समोर ठेवावेत: संस्थेने स्वीकारलेले उपविधी, पार्किंगच्या धोरणाचा सर्वसाधारण सभेतील ठराव, आणि आपले वाटपपत्र, ज्याला सगळे अलॉटमेंट लेटर म्हणतात. वाटप ३१ मार्चपर्यंतचे असेल आणि करार जुलैपासून अकरा महिन्यांचा असेल, तर एप्रिल आणि मे हे दोन महिने आपण जी जागा आपल्याकडे नाही ती दिलेली असते. अकरा महिन्यांचा छापील मसुदा डोळे झाकून भरल्यामुळे ही चूक होते, आणि ती मी सर्वाधिक वेळा पाहिलेली आहे.

मी बिल्डरला पार्किंगचे वेगळे पैसे मोजले आहेत. तरीही संस्थेला विचारावे लागेल का?

होय, आणि याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सहकारी गृहनिर्माण संस्था या दहिसरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१० रोजी असा निर्णय दिला की १९६३ च्या महाराष्ट्र मालकी हक्काच्या सदनिका कायद्याखाली मोकळी किंवा स्टिल्टमधील (इमारतीखालच्या खांबांमधली) पार्किंगची जागा विकासकाला स्वतंत्रपणे विकता येत नाही, कारण ती सामाईक जागेचा भाग आहे. त्यानंतर आलेल्या २०१६ च्या रेरा, म्हणजे स्थावर संपदा नियमन, कायद्यानेही मोकळे पार्किंग सामाईक क्षेत्रातच धरले. आच्छादित पार्किंग आणि गॅरेज यांची गोष्ट मात्र वेगळी आहे. महारेराने, म्हणजे या कायद्याखालील राज्याच्या प्राधिकरणाने, २०२४ मध्ये विक्री कराराला पार्किंगचे स्वतंत्र जोडपत्र बंधनकारक केले असून त्यात जागेचा क्रमांक, लांबी, रुंदी, उंची आणि इमारतीतील स्थान द्यावे लागते.

त्यामुळे आपल्या विक्री करारात आच्छादित पार्किंगचा स्पष्ट उल्लेख असेल तर आपली बाजू पुष्कळ भक्कम आहे. केवळ बिल्डरची पावती असेल तर तेवढी नाही. परंतु दोन्ही परिस्थितींत आवारात कोणाची गाडी येते-जाते, स्टिकर कोणाला द्यायचा आणि सुरक्षारक्षकाने कोणाला आत सोडायचे हे संस्थाच ठरवते. तिच्या लेखी ना हरकत पत्राशिवाय केलेला करार कागदावर कितीही देखणा असला, तरी गाडी फाटकाबाहेरच राहते.

संस्थेबाहेरच्या व्यक्तीला जागा देता येते का?

बहुतेक संस्थांच्या ठरावांमध्ये याला मनाई आढळते. जागा संस्थेतल्याच सदस्याला किंवा तिथे राहणाऱ्या भाडेकरूला द्यावी, अशी अट असते. ठराव याबाबतीत मूक असेल तर त्याचा अर्थ परवानगी असा काढू नये, समितीला लेखी विचारावे. माजिवड्याच्या किंवा वाशीच्या बाजारपेठेजवळच्या इमारतींमध्ये दुकानदारांकडून जागेला मागणी असते आणि पैसेही बरे मिळतात, हे खरे. पण दिवसभर आवारात अनोळखी माणसांची ये-जा सुरू झाली की पहिली तक्रार पंधरवड्याच्या आत येते.

याला भाडेकरार म्हणावे की लिव्ह अँड लायसन्स?

बोलताना आपण भाडे आणि भाडेकरार असेच म्हणतो आणि त्यात काही बिघडत नाही. दस्त मात्र लिव्ह अँड लायसन्सचा करावा. भाडेपट्ट्याने जागेत हितसंबंध निर्माण होतो. लायसन्सने फक्त वापराची परवानगी मिळते, ताबा देणाऱ्याकडेच राहतो; १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्याच्या कलम ५२ मध्ये लायसन्सची हीच व्याख्या आहे. ज्याच्याकडे मुळातच फक्त वापराचा हक्क आहे, त्याने दुसऱ्याला भाडेपट्टा देणे हे तर्काला धरूनही नाही.

मात्र शीर्षकावर फार विसंबून राहू नये. वर लिव्ह अँड लायसन्स लिहिले आणि आत ‘अनन्य ताबा देण्यात येत आहे’, ‘वारसांसह उपभोग घ्यावा’ अशी वाक्ये ठेवली, तर न्यायालय शीर्षकाकडे नव्हे, मजकुराकडे पाहते. जागेला साखळी लावून कुलूप घालण्याची मुभाही विचारपूर्वकच द्यावी, कारण कुलपाची एकमेव किल्ली घेणाऱ्याकडे असणे हे ताबा दिल्याचे लक्षण ठरू शकते.

पाचशे रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर नोटरी करून चालणार नाही का?

हा प्रश्न दर आठवड्याला येतो. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असणे आवश्यक आहे, ही जबाबदारी जागामालकाची आहे, आणि कसूर केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. कायद्यातील ‘जागा’ या शब्दाच्या व्याख्येत इमारतीचा भाग आणि इमारतीला संलग्न असलेली मोकळी आवारे व गॅरेज यांचा समावेश आहे. त्यामुळे ‘हे घर नाही, नुसती गाडीची जागा आहे’ या युक्तिवादावर भिस्त ठेवू नये.

शिक्षेपेक्षाही महत्त्वाची गोष्ट त्याच कलमात पुढे आहे: नोंदणीकृत लेखी करार नसेल, तर कोणत्या अटींवर जागा दिली याबाबत जागा घेणाऱ्याचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. नोटरीच्या शिक्क्याने सही कोणी केली एवढेच कळते. त्याने नोंदणीची जागा भरून निघत नाही.

नोंदणीसाठी आता दुय्यम निबंधक कार्यालयात रांग लावावी लागत नाही. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-रजिस्ट्रेशन प्रणालीवर आधार क्रमांक आणि अंगठ्याच्या ठशाच्या आधारे दस्त नोंदवता येतो, आणि ठाण्यात व वाशीत घरी येऊन हे काम करून देणारे अनेक जण आहेत. त्यांना एकच सांगावे लागते, की घराचा साचा जसाच्या तसा वापरू नका. पार्किंगच्या करारात ‘नळ, पंखे व गीझर सुस्थितीत परत करावेत’ हे वाक्य मी प्रत्यक्ष वाचलेले आहे.

मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी किती येते?

साठ महिन्यांपर्यंतच्या लिव्ह अँड लायसन्सवर एकूण रकमेच्या ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क लागते. एकूण रक्कम म्हणजे संपूर्ण मुदतीचे शुल्क, परत न मिळणारी अनामत असल्यास ती, आणि परत मिळणाऱ्या अनामतीवर वार्षिक १० टक्क्यांनी धरलेले व्याज. समजा महिना ३,००० रुपये, मुदत अकरा महिने आणि परतीची अनामत १०,००० रुपये आहे. शुल्काचे ३३,००० आणि व्याजाचे ९१७ मिळून ३३,९१७ रुपये होतात, त्याचे ०.२५ टक्के म्हणजे ८५ रुपयांच्या आसपास. महानगरपालिका हद्दीत नोंदणी फी मात्र १,००० रुपये आहे, आणि दस्त हाताळणीचा खर्च वेगळा. भरायचा पूर्णांकातील आकडा प्रणालीवर दिसतोच.

थोडक्या रकमेच्या करारात खर्चाचे हे प्रमाण खटकते, हे मान्य करायला हवे. वाटप जास्त मुदतीचे असेल तर करारही चोवीस किंवा छत्तीस महिन्यांचा करून हा खर्च विभागता येतो. तो कोणी भरायचा हे कायद्यापेक्षा आपसांतल्या बोलणीवर ठरते, बहुधा निम्मा-निम्मा.

जागेचे वर्णन किती तपशिलात लिहावे?

इतके, की इमारत कधीही न पाहिलेल्या माणसाला हातात करार घेऊन त्या जागेवर जाऊन उभे राहता आले पाहिजे. ‘स्टिल्टमधील एक कार पार्किंग’ हे वर्णन निरुपयोगी आहे. खालील मजकूर नमुना म्हणून पाहावा; यातील क्रमांक आणि मापे कल्पित आहेत.

‘सदर इमारतीच्या बी विंगच्या स्टिल्टमधील पी-२७ या क्रमांकाची, पिवळ्या पट्ट्यांनी आखलेली, २.५ मीटर रुंद व ५ मीटर लांब जागा. जिच्या पूर्वेस खांब, पश्चिमेस पी-२८ क्रमांकाची जागा, दक्षिणेस मीटर रूमची भिंत व उत्तरेस गाड्यांच्या ये-जा करण्याचा मार्ग आहे. आणि जिची तुळईखालील मोकळी उंची २.२ मीटर आहे.’

मापे टेप लावून स्वतः घ्यावीत. नकाशात २.५ बाय ५ मीटर असलेली जागा प्रत्यक्षात खांबामुळे सव्वादोन मीटरच रुंद भरते, हे आपल्याकडे नवल नाही. चार मीटरच्या आतली छोटी गाडी अशा जागेत आरामात बसते, पण पावणेपाच मीटर लांबीची इनोव्हा लावली की गाडी बसते पण खांबाच्या बाजूचा दरवाजा उघडत नाही आणि चालकाला शेजारच्या सीटवरून सरकत उतरावे लागते. करार करण्यापूर्वी घेणाऱ्याने आपली गाडी एकदा तिथे लावून पाहावी, दोन्ही दरवाजे उघडावेत, आणि पट्ट्यांसह जागेचे छायाचित्र दोघांच्या सहीने कराराला जोडावे. पुढे रंगकामात पट्टे पुसले गेले आणि नवे अर्धा फूट सरकले, तर त्या छायाचित्राची किंमत कळते.

गाडीचा क्रमांक करारात लिहावा का?

अवश्य लिहावा, आणि नोंदणी प्रमाणपत्राची प्रत जोडावी. ठाण्याची एमएच-०४ असो वा नवी मुंबईची एमएच-४३, गाडी ज्याच्या नावावर आहे आणि करार ज्याच्याशी होतो आहे ते दोघे वेगळे असतील (कंपनीची गाडी, वडिलांच्या नावावरची गाडी), तर त्यांचे नातेही नमूद करावे. गाडी बदलल्यास सात दिवसांत लेखी कळवून तिची नोंद करावी, एवढी तरतूद पुरे. एका गाडीच्या जागेत गाडीपुढे दोन दुचाकी लावणे, मोसमभर झाकून ठेवलेली बंद गाडी, जुने टायर आणि फर्निचर साठवणे, टॅक्सी म्हणून चालणारी वाहने, या प्रत्येकाबद्दल चालेल किंवा चालणार नाही असे स्पष्ट म्हणावे. मौन ठेवले की दुसऱ्या महिन्यात तिथे सायकल येते आणि चौथ्या महिन्यात वॉशिंग मशीनचे खोके.

विजेवर चालणारी गाडी असेल तर चार्जर बसवण्यास संस्थेची स्वतंत्र परवानगी, वीज कोणाच्या मीटरवरून घ्यायची, आणि करार संपल्यावर यंत्र काढून भिंत पूर्ववत कोणी करायची, हे तीन मुद्दे घालावेत. सामाईक मीटरवरून ओढलेली वायर हे वार्षिक सभेतील हमखास भांडण आहे.

गाडीचे नुकसान झाले किंवा ती चोरीला गेली तर जबाबदार कोण?

जागा देणारा केवळ जागा वापरू देतो आणि गाडीची किल्ली घेणाऱ्याच्याच खिशात राहते, तेव्हा गाडी सांभाळण्याची जबाबदारी देणाऱ्यावर सहसा येत नाही. किल्ली हवाली केली की चित्र बदलते, कारण १८७२ च्या भारतीय करार कायद्यातील निक्षेपाची, म्हणजे दुसऱ्याची वस्तू सांभाळण्यासाठी स्वीकारण्याची, कलमे लागू होतात. पाहुण्याने गाडी व्हॅले पार्किंगसाठी सोपवल्यानंतर ती चोरीला गेल्याच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हॉटेलला जबाबदार धरले ते याच तत्त्वावर. म्हणून ‘गाडी हलवायला लागेल, किल्ली तुमच्याकडे ठेवा’ असा शेजारधर्म करारात तरी लिहू नये, आणि जमल्यास पाळूही नये.

पावसाळ्याचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. बेसमेंटमधील जागा असेल तर पाणी साचण्याचा पूर्वइतिहास देणाऱ्याने लपवू नये आणि घेणाऱ्याने आपल्या विमा पॉलिसीत इंजिन संरक्षण आहे का हे तपासावे. पाण्यात गाडी सुरू करण्याचा प्रयत्न केल्याने इंजिन बिघडले, तर साध्या सर्वंकष विम्यातून त्याची भरपाई बहुधा नाकारली जाते. जागा देणाऱ्याच्या हलगर्जीपणामुळे झालेल्या नुकसानीची सूटही करारात मागू नये. तशी अट टिकणे अवघड असते आणि समोरच्याचा विश्वास मात्र पहिल्याच दिवशी जातो.

स्टॅक पार्किंगसाठी (यंत्राने एकावर एक गाड्या लावण्याच्या जागेसाठी) वेगळे काय लिहावे?

वरची पातळी की खालची, यंत्राची वजन आणि उंचीची मर्यादा किती, ते कोणी चालवायचे, आणि बंद पडल्यास काय, एवढे. वरच्या पातळीवर अडकलेली गाडी सकाळी आठ वाजता कामाची नसते. त्यामुळे यंत्र चोवीस तासांहून अधिक बंद राहिल्यास त्या दिवसांचे शुल्क वजा करावे, अशी अट रास्त आहे. खालच्या गाडीचा मालक गावी गेला आणि त्याची गाडी हलवल्याशिवाय वरची निघत नाही, अशी रचना असलेल्या जागेचा करार शक्यतो करूच नये.

शुल्क आणि अनामत किती ठेवावी?

याचा दर इमारतीगणिक बदलतो, म्हणून आकडा देत नाही. दोन ते तीन महिन्यांच्या शुल्काइतकी अनामत पुरेशी असते, कारण रिकाम्या जागेचे मोडून मोडून काय मोडणार? रक्कम बँकेतून किंवा यूपीआयने द्यावी, तारीख ठरवावी, आणि संस्थेचे मासिक पार्किंग शुल्क देणाराच भरणार हे लिहून ठेवावे, म्हणजे देखभाल बिलातील त्या ओळीवरून नंतर वाद होत नाही. मिळणारी रक्कम प्राप्तिकर विवरणपत्रात दाखवावी लागते. जीएसटीचा प्रश्न सामान्य सदस्याला येत नाही, कारण सेवांसाठी नोंदणीची वार्षिक उलाढालीची मर्यादा २० लाख रुपये आहे. ज्याची अन्य व्यवसायामुळे आधीच नोंदणी आहे त्याने आपल्या सीएला विचारून घ्यावे.

मुदत संपली तरी गाडी काढली नाही तर?

राहत्या घराच्या लायसन्सची मुदत संपल्यावर ताबा मिळवण्यासाठी भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ मध्ये जलद मार्ग आहे, पण तो निवासासाठी दिलेल्या जागांपुरता आहे; पार्किंगला तो लागू होईल असे गृहीत धरू नये. सुविधाधिकार कायद्याच्या कलम ६३ नुसार लायसन्स रद्द झाल्यावर घेणाऱ्याला आपली वस्तू काढून नेण्यास वाजवी वेळ मिळाला पाहिजे. गाडीच्या बाबतीत हा वाजवी वेळ किती, हे करारातच ठरवावे. माझ्या मते अठ्ठेचाळीस तास पुरेसे आहेत, परगावी असल्याची लेखी सूचना दिल्यास सात दिवस. त्यानंतर दररोज किती रक्कम द्यायची तेही लिहावे, पण ती वाजवी असावी, कारण करार कायद्याच्या कलम ७४ खाली न्यायालय वाजवी भरपाईच देते. रोजचे पाच हजार लिहिल्याने ते मिळत नाहीत.

टायरमधली हवा सोडणे, चाकाला कुलूप लावणे, पुढे आपली गाडी आडवी लावणे हे उपाय करू नयेत. त्यानंतर पोलीस ठाण्यात तक्रार कोणाविरुद्ध नोंदवली जाईल, याचा अंदाज बांधणे कठीण नाही. लेखी नोटीस, त्याची प्रत समितीला, समितीकडून स्टिकर रद्द, हा मार्ग संथ वाटतो, पण बहुतेक प्रकरणे तिसऱ्या पायरीवरच मिटतात.

इमारतीला पार्किंगच नाही. समोरच्या रस्त्यावरची जागा कोणी देत असेल तर?

नवी मुंबईतील सिडकोने बांधलेल्या जुन्या वसाहतींमध्ये आणि ठाण्याच्या नौपाडा भागात हे घडते. सार्वजनिक रस्ता कोणाच्याही खासगी मालकीचा नाही. ड्रम किंवा कुंड्या ठेवून अडवलेल्या जागेचे पैसे देणे म्हणजे काहीही न घेता पैसे देणे होय. करार करू नये.

फ्लॅट भाड्याने देतानाच पार्किंगही दिले, तर वेगळा करार लागतो का?

नाही. फ्लॅटच्याच करारात जागेचा क्रमांक आणि वरीलप्रमाणे वर्णन घालावे. उल्लेख राहून गेला तर भाडेकरूला पार्किंग मिळालेच आहे असे धरता येत नाही.

मुदत चालू असताना जागा देणाऱ्याने फ्लॅट विकला तर?

सुविधाधिकार कायद्याच्या कलम ५९ नुसार मिळकत हस्तांतरित झाल्यावर नवा मालक आधीच्या मालकाने दिलेल्या लायसन्सने बांधला जात नाही. शिवाय फ्लॅट विकल्यावर पार्किंगचे वाटप आपोआप खरेदीदाराकडे जाते की संस्थेकडे परत जाते, हे त्या संस्थेच्या ठरावावर अवलंबून असते. घेणाऱ्याने म्हणून पुढील अर्थाचे वाक्य आग्रहाने घालून घ्यावे: ‘सदनिका विकण्याचा करार केल्यास जागा देणारा त्याची लेखी सूचना जागा घेणाऱ्यास किमान तीस दिवस आधी देईल, आणि उर्वरित मुदतीचे आगाऊ घेतलेले शुल्क व संपूर्ण अनामत जागा रिकामी होईल त्याच दिवशी परत करील.’ ‘त्याच दिवशी’ हे शब्द खोडून ‘यथावकाश’ लिहू देऊ नयेत.